दुसऱ्यांच्या मैदानावर

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी तुमच्या शाळेला ज्या संघानं हरवलं, त्या संघाचा सामना त्यांच्याच गावात आहे. तुमचा संघ त्यात खेळणार नाही, समोर तिसरंच कुणीतरी आहे. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. थंडीचे दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा. तर तुम्ही तो सामना बघायला जाल का?

"कशाला जायचं? त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला?" असं तुमच्यापैकी निम्मे तरी म्हणतील. माझ्या भाचीच्या संघातल्या मुलीही अगदी हेच म्हणाल्या होत्या. तरीही त्या गेल्या. मीही त्यांच्याबरोबर होतो. त्या प्रवासात काय काय झालं, तेच आज सांगणार आहे.

नऊ मुली, एक क्रूझर

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढार नावाचं गाव आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून आलात की पुढे ओतूर लागतं, ओतूरच्या पुढे पिंपरी पेंढार आणि मग आळेफाटा. हाच रस्ता तसाच पुढे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि कांदा. माझी भाची तिथं नववीत शिकते आणि कबड्डी खेळते. चढाया करणं हे तिचं काम. मी तिचा मामा, म्हणून अख्ख्या संघाचाच मामा!

२०२४ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. आदल्या वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या संघानं आमच्या मुलींना नऊ गुणांनी हरवलं होतं. जानेवारीत पुन्हा त्यांच्याशीच गाठ पडणार होती. त्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तुम्ही आपापल्या मनातलं नाव तिथं घाला. प्रत्येक गावाला असं एक गाव असतंच!

त्या गावात मुलींचे सामने भरले होते. मुलींच्या मॅडम म्हणाल्या, "आपण बघायला जायचं. एका पालकांची क्रूझर मिळतेय. वह्या बरोबर घ्या."

"वह्या? सामन्याला?" कॅप्टननं तोंड वाकडं केलं.

"सामन्यालाच," मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

पण खरी अडचण वह्यांची नव्हती. ती होती अंधाराची. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. शाळा पाचला सुटते. म्हणजे सराव जेमतेम तासभर. त्यानंतर मुलींना वाड्या-वस्त्यांवर परतायचं, तेही उसाच्या कडेकडेनं. तीन मुलींच्या घरून तर निरोपच आला होता, "आता कबड्डी पुरे. उन्हाळ्यात बघू." त्यातली एक होती आमचा डावा कोपरा. डावा कोपरा गेला तर संघच लंगडा होणार होता.

पालक नाही का म्हणतात?

शहरातल्या वाचकांना वाटेल, एवढं काय घाबरायचं? म्हणून थोडं समजावून सांगतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. धरणं झाली, कालवे आले, आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. ऊस उंच, दाट आणि वर्षभर उभा. बिबट्याला लपायला याहून चांगली जागा कुठली? खायला वस्तीवरची कुत्री, शेळ्या, कोंबड्या आहेतच. मादी उसातच पिल्लं घालते. अशी कित्येक पिल्लं उसात जन्मून उसातच वाढली. त्यांच्या दृष्टीनं ऊस हेच जंगल!

एरवी बिबट्या माणसाला टाळतो. पण माणूस आणि बिबट्या इतके जवळजवळ राहू लागले की कधीतरी गाठ पडतेच. २०२४ साली जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसांचे जीव गेले. म्हणून आई-वडील नाही म्हणतात तेव्हा ते जुन्या विचारांचे असतात असं नाही. त्यांना खरोखरच भीती वाटत असते. त्या दिवशीच्या प्रवासाला त्यांनी होकार दिला, तो एकाच अटीवर. प्रत्येक मुलीला अगदी तिच्या दारात सोडायचं.

तीन नद्या ओलांडून

दुपारी साडेतीनला निघालो. आळेफाट्याला डावी-उजवीकडे पुणे-नाशिक रस्ता आडवा येतो. तिथं दक्षिणेला, पुण्याच्या दिशेनं वळलो. गाडीत गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. मला वाटलं, आता काही भूगोल शिकवता यायचा नाही. पण पुलावर गाडी आली की भेंड्या थांबवून मी विचारायचो, "नदी कुठली?"

पहिली कुकडी. ती सगळ्यांना माहीत होती. दुसरी नारायणगावची मीना. तिचं नाव तिघींनी सांगितलं. तिसरी कळंबजवळची घोड. तिथं मात्र सगळ्या गप्प!

नारायणगावच्या पूर्वेला खोडद आहे. तिथं जीएमआरटी म्हणजे रेडिओ दुर्बीण आहे. अशा एकूण तीस तबकड्या या भागात पसरल्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. कबड्डीचं मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. म्हणजे एका तबकडीच्या तोंडावर अशी दहा-बारा मैदानं आरामात मावतील! हे सांगितल्यावर कॅप्टन म्हणाली, "मामा, मग तिथंच स्पर्धा भरवायची ना!" मी म्हटलं, "भरव. पण तबकडी खोलगट असते. चढाई करणारी घसरत घसरत मध्यभागी येईल आणि परत मध्यरेषेवर कुणीच जाणार नाही."

कुणी काय बघायचं?

मैदानाजवळ पोचण्याआधी मॅडमनी गाडी थांबवली आणि कामं वाटून दिली. ही यादी नीट वाचा. कारण सामना बघणं आणि सामन्याकडे बघत बसणं यांत फरक आहे.

चढाई करणाऱ्या दोघींनी समोरच्या संघाच्या फक्त कोपऱ्यांकडे बघायचं. त्या झेपावतात कधी? आधी हात हलतो की पाय?

पकडी करणाऱ्या तिघींनी फक्त त्यांच्या मुख्य चढाईपटूच्या पायांकडे बघायचं. ती आधी कुठल्या बाजूला जाते? कितव्या पावलाला वळते?

एकीनं बोनस गुण मोजायचे. एकीनं लोण बसल्यानंतरच्या तीन चढाया लिहायच्या. एकीनं राखीव खेळाडू आणि त्यांच्या सरांकडे बघायचं. कोण कधी आत येते, कोण बाहेर जाते.

आणि नववीनं? "तू फक्त लोकांकडे बघ," मॅडम तिला म्हणाल्या. ती बिचारी हिरमुसली. पण नंतर सगळ्यांत मजेदार वही तिचीच निघाली.

ज्यांना कबड्डीचे नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मैदानात एका बाजूला सात खेळाडू. चढाई करायला तीस सेकंद, आणि तेवढा वेळ "कबड्डी कबड्डी" हा दम सलग ऐकू यायला हवा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच बोनस मिळतो. त्यासाठी एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा. समोरचा अख्खा संघ बाद झाला की लोण, म्हणजे वरचे दोन गुण.

शेवटी मॅडमनी एक सूचना दिली. "आपण पाहुण्या आहोत. हुर्यो करायची नाही. कुणाला चिडवायचं नाही."

"आणि टाळ्या?" डाव्या कोपऱ्यानं विचारलं.

"टाळ्या वाजवायच्या नाहीत," कॅप्टनच मध्ये बोलली. "ते आपले दुश्मन आहेत."

मॅडम काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

घरच्या मैदानाची गंमत

मैदान मातीचं होतं, नुकतंच पाणी मारून रोलर फिरवलेलं. चारी बाजूंना बांबूंवर दिवे. लोक इतके की काही पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसलेली. ध्वनिक्षेपकावर निवेदक घरच्या मुलींची नावं अशी घेत होता, की ऐकूनच अंगात जोर यावा. पाहुण्या संघाची नावं मात्र तो एका दमात वाचून मोकळा झाला!

आपल्या मैदानावर खेळणाऱ्याचा फायदा होतो, हे जगभर मानतात. अमेरिकेत शाळा-शाळांचे बास्केटबॉलचे सामने असतात, तेव्हा मुलं बसगाड्या भरभरून दुसऱ्या शाळेच्या सभागृहात जातात. आपल्या संघाला तिथं एकटं वाटू नये म्हणून! २०२० साली कोरोनाच्या काळात युरोपात फुटबॉलचे सामने रिकाम्या मैदानांवर झाले. त्या वेळी घरच्या संघाचा नेहमीचा फायदा कमी झाल्याचं अभ्यासकांना दिसलं. म्हणजे माती आणि सवय यांच्याइतकाच तो फायदा माणसांच्या आवाजातही असतो.

नववीच्या वहीत हेच सापडलं. तिनं लिहिलं होतं, "पाहुण्या संघाची मुलगी चढाईला आली की लोक शिट्ट्या मारतात. तिला स्वतःचाच दम ऐकू येत नाही, म्हणून ती जास्त जोरात ओरडते. म्हणून ती लवकर दमते." किती बारीक निरीक्षण! चौदा वर्षांची पोर हे लिहिते आणि आपण मोठी माणसं नुसते गुण विचारत बसतो.

आम्ही कुठं बसावं म्हणून घुटमळत होतो, तर सतरंजीवरच्या एका आजींनी हाक मारली.

"कुठल्या गं तुम्ही पोरी?"

"पिंपरी पेंढारच्या."

"म्हंजी आळेफाट्याच्या पल्याडच्या! एवढ्या लांबून आलात? या, सरका गं बायांनो, पोरींना बसू द्या." आणि ओंजळभर भाजलेल्या शेंगा कॅप्टनच्या हातात आल्या. दुश्मनाच्या शेंगा! तिनं त्या जरा वेळ मुठीतच धरून ठेवल्या. मग हळूच एक फोडली.

एक टाळी

सामना सुरू झाला. पहिली दहा मिनिटं दोन्ही संघ बरोबरीत होते. मग घरच्या संघाची ती मुख्य चढाईपटू आत गेली. समोर पाच जणी. तिनं उजव्या बाजूला पाऊल टाकल्यासारखं केलं, तिथून गर्रकन वळली. एकीच्या खांद्याला हात लावला, दुसरीला पायानं टिपलं. तिसरीनं तिची कंबर धरली, तर तिला तशीच ओढत, मातीवर आडवी पडत तिनं मध्यरेषेला बोटं टेकवली. तीन गुण!

लोक उभे राहिले. आणि आमच्यातून एक टाळी वाजली. डाव्या कोपऱ्याची.

कॅप्टननं तिच्याकडे असं बघितलं की बस्स! "फितूर झालीस काय गं?"

डाव्या कोपऱ्याचे हात खाली आले. पण ती हळूच म्हणाली, "चांगलं केलं म्हणून वाजवली."

घरच्या संघानं तो सामना जिंकला. तो कितीनं जिंकला हे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं पुढेच आहे.

सामना संपल्यावर ती चढाईपटू गळ्यात टॉवेल टाकून थेट आमच्याकडे आली. "तुम्ही पेंढारच्या ना? गेल्या वर्षी तुमच्यातल्या कुणीतरी माझा घोटा धरला होता. आठवडाभर सुजला होता!"

"मीच ती," डावा कोपरा म्हणाली. आता भांडण होतं की काय, असं मला वाटलं. तर ती मुलगी हसत म्हणाली, "बाई गं, काय पकड आहे तुझी! या वर्षी पण आहेस ना?"

डावा कोपरा गप्प झाली. मग खरं ते सांगून टाकलं. "घरचे नको म्हणतात. अंधार पडतो. बिबट्या आहे."

"आमच्याकडे काय कमी आहेत?" ती म्हणाली. "आमचा पण सराव बंद पडला होता. मग आमच्या पालकांनी पाळी लावली. रोज एकाचे आई नाहीतर बाबा मैदानावर येऊन बसतात. सराव संपला की सगळ्यांना घेऊन निघतात, मोठी बॅटरी घेऊन. वाटेत एकेक जण गळत जाते. एकटं कुणीच जात नाही. महिन्यातनं एका घराला एखाद-दोनदाच पाळी येते."

मॅडमनी वही काढली आणि हे लिहून घेतलं. सगळ्या दिवसात मॅडमनी स्वतः लिहिलेली ती एकच गोष्ट.

क्रूझरमधलं भांडण

परतताना गाडीत भेंड्या नव्हत्या. होतं भांडण! आणि ते चांगलं भांडण होतं, म्हणून सांगतो.

कॅप्टनचं म्हणणं असं : "आपण त्यांचं कौतुक करत बसलो, तर मैदानात त्यांची भीती वाटेल. मला त्यांच्याबद्दल राग असला की मी चांगली खेळते."

डाव्या कोपऱ्याचं म्हणणं असं : "राग आला की मी लवकर झेपावते आणि बाद होते. आणि चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं?"

तुम्हाला कुणाचं पटतं? मला विचाराल तर कॅप्टनचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ईर्ष्या हवीच. ती नसेल तर सकाळी पांघरुणातून बाहेर कोण पडेल? पण माझ्या मते तिची एक गोष्ट चुकत होती. भीती कौतुकानं वाढत नाही, ती न बघितल्यानं वाढते. वर्षभर त्या चढाईपटूची कॅप्टनच्या मनात एक राक्षसीण झाली होती. आज कळलं की ती आपल्याएवढीच आहे. तिचाही घोटा सुजतो, आणि तिच्याही घरी बिबट्याची भीती आहे.

मग मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

२०१८ साली जकार्ता इथं आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. महिलांच्या कबड्डीत त्याआधीची दोन्ही सुवर्णपदकं, २०१० आणि २०१४ ची, भारतानं जिंकलेली होती. या वेळी अंतिम सामन्यात इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. आणि इराणच्या त्या मुलींना शिकवलं कुणी? नाशिकच्या शैलजा जैन यांनी! आळेफाट्याला उजवीकडे न वळता डावीकडे वळलं तर जे नाशिक येतं, तिथल्याच. एका मराठी बाईंनी परक्या देशात जाऊन तिथल्या मुलींना आपला खेळ शिकवला, आणि त्या मुलींनी आपल्यालाच हरवलं.

"मग त्या फितूर का?" मी विचारलं.

गाडीत शांतता. मग बोनस मोजणारी म्हणाली, "नाही. त्या मॅडम आहेत. मॅडम शिकवणारच."

"आणि पुढे काय झालं?" कॅप्टननं विचारलं. पुढे काय झालं तेही सांगितलं. ती स्पर्धा पुढच्या खेपेला हांगझोऊ इथं २०२३ च्या ऑक्टोबरात झाली, आणि भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्णपदक परत आणलं. एका गुणानं! त्या स्पर्धेतलं ते भारताचं शंभरावं पदक होतं. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती आणि मुंबईची सोनाली शिंगटे होती. राज्याच्या स्पर्धेत पुणे आणि मुंबई एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा कुणी कुणाला सोडत नाही. पण देशाचा संघ निवडताना त्यांतल्याच मुली शेजारी-शेजारी उभ्या राहून हाताची साखळी करतात. म्हणजे आज जिचा घोटा धरायचा, उद्या तिचाच हात धरावा लागेल, हे कबड्डीत कधीही होऊ शकतं.

पुन्हा पूल आले. या वेळी उलट्या क्रमानं. घोड, मीना, कुकडी. मी सांगितलं, कुकडी आणि मीना या दोघी पुढे जाऊन घोडेलाच मिळतात आणि घोड भीमेला. जुन्नरचं पाणी आणि आंबेगावचं पाणी शेवटी एकच. "मामा, आता भूगोल पुरे," असं दोघी-तिघी म्हणाल्या, आणि झोपल्या.

प्रत्येक मुलीला दारात सोडलं. वस्तीचा रस्ता आला की चालकदादा आधी हॉर्न वाजवायचे, दिवे मोठे करायचे आणि घरातलं माणूस बाहेर आल्याशिवाय दार उघडायचे नाहीत. शेवटची मुलगी घरी पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते.

पुढे काय झालं?

दोन दिवसांनी मॅडमनी पालकांची बैठक घेतली. पाळीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा कुणी बोलेना. मग ज्यांच्या घरून "आता कबड्डी पुरे" असा निरोप आला होता, त्याच डाव्या कोपऱ्याच्या आजोबा उठले. "सोमवार माझा," म्हणाले. बघता बघता आठवडा भरला. नंतर तर असं झालं, की पाळी नसलेली माणसंही येऊन बसायला लागली. पोरींचा खेळ इतका चांगला असतो, हे त्यांना माहीतच नव्हतं!

वह्यांचाही उपयोग झाला. चढाई करणाऱ्या दोघींना कळलं होतं की त्यांचा डावा कोपरा फार उतावळा आहे. समोरच्या मुलीनं बोनससाठी पाय उचलला रे उचलला, की ती घोट्यावर झेप घेते. मग माझ्या भाचीनं महिनाभर एकच गोष्ट घोकली. बोनस घ्यायचा नुसता देखावा करायचा, ती झेपावली की तिच्याच हाताला स्पर्श करून परत फिरायचं.

जानेवारीत सामना झाला. आम्ही हरलो! हो, हरलो. पण नऊ गुणांनी नाही, तीन गुणांनी. तो देखावा चार वेळा साधला. पाचव्या वेळी त्यांच्या कोपऱ्यानं तो ओळखला आणि भाचीला असं पकडलं की विचारू नका. त्याही वही घेऊन आमच्याकडे येऊन गेल्या होत्या की काय, कोण जाणे! आणि कॅप्टन? सामना संपल्यावर तिनं त्या चढाईपटूशी हात मिळवला. टाळी काही वाजवली नाही. "ती मी जिंकल्यावर वाजवीन," म्हणाली. चालेल. माझी काही हरकत नाही.

महत्त्वाचं म्हणजे मैदानावर आमच्या नवाच्या नऊ मुली होत्या. एकही घरी बसली नव्हती.

या आठवड्याचं काम

तुमच्या जवळपास एखाद्या दुसऱ्या शाळेचा किंवा गावाचा सामना असेल, तर मोठ्या माणसांना बरोबर घेऊन बघायला जा. खेळ कुठलाही चालेल. खोखो, लंगडी, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल. वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात त्यांची एक चांगली गोष्ट लिहा. दुसऱ्यात त्यांची एक चूक. तिसऱ्यात आपल्याला घरी घेऊन जाता येईल असं काही. आणि चौथ्यात लोकांकडे बघून जे दिसेल ते. पान आमच्याकडे पाठवा. निवडक पानांबद्दल याच सदरात लिहीन.

बिबट्यांच्या भागात राहणाऱ्यांनी एवढं पाळा. अंधारात एकट्यानं जायचं नाही. घोळक्यानं, मोठ्यानं बोलत, बॅटरी लावून चालायचं. लहान मुलांना मध्ये ठेवायचं. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहायचं नाही, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, आई जवळपासच असते. लगेच तिथून मागे फिरायचं आणि मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवायचं.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी दोनच ओळी. मुलीचा खेळ बंद करण्याआधी शेजारच्या चार घरांशी बोलून बघा. महिन्यातली एक संध्याकाळ मैदानाच्या कडेला बसायला तुम्हालाही आवडेल. शेंगा बरोबर न्या.